तीन नंबर रिकामा आहे

माझ्या पुतणीचा गाण्याचा क्लास सकाळी साडेसहाला सुरू होतो. शिकणाऱ्या मुली अमेरिकेत, तिकडे आदल्या दिवशीची रात्र. त्यांच्या वेळेला शोभेल असा राग घ्यायचा म्हणून ती इथे उजाडताना यमन घेऊन बसते. आमच्या आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, कानाला ते अजून रुचलेलं नाही. देवाला फुलं वाहताना एकदा तरी म्हणतातच, "सकाळच्या पारी तीव्र मध्यम?" पण ऐकतात. शेवटच्या तानेपर्यंत हातातलं फूल हातात ठेवून ऐकतात.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की ताना आखूड होत चालल्या आहेत. आधी वाटलं मुली नवशिक्या असतील. मग एक दिवस चहा द्यायला खोलीत गेले तेव्हा कळलं. ती आलाप सुरू करायची, पलीकडून आवाज यायचा, "ताई, कट झालं, परत." ती परत गायची. पुन्हा मधला तुकडा गळायचा. शेवटी तिने स्वतःच एक उपाय काढला होता. एका वेळी चार-पाच स्वर गायचे, थांबायचं, पोचले का विचारायचं, मग पुढचे चार. नेटला सोसेल तेवढंच गाणं.

हे मला सहन झालं नाही. आम्ही ग्वाल्हेरचे. हस्सूखाँ-हद्दूखाँनी ज्या गावात ख्याल उभा केला, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी जी गायकी महाराष्ट्रात नेली, तिचं हे गाव. २०२३ साली युनेस्कोने आपल्या यादीत संगीताचं शहर म्हणून या गावाचं नाव घातलं. आणि या गावातल्या एका वाड्यात एक मुलगी रोज सकाळी तानेचे तुकडे करून ते एकेक करून खिडकीतून बाहेर देत होती. मी पॉलिटेक्निकमध्ये बावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आहे. हे काम माझंच होतं.

घरात सगळ्यांचं एकमत होतं की दोष कंपनीचा. थोरले भाऊजी तक्रारीचे नंबर लिहून ठेवत होते. मी लॅपटॉप घेतला, ओसरीतल्या मुख्य राउटरला केबलने जोडला आणि मोजलं. शंभर एमबीपीएसचा प्लॅन, चौऱ्याण्णव येत होते. शंभरच्या पोर्टमधून एवढेच बाहेर पडतात, बाकीचे माहितीच्या पाकिटांच्या वेष्टणात जातात. म्हणजे गल्लीतून घरापर्यंत सगळं ठीक येत होतं. गळती उंबरठ्याच्या आत होती.

वाड्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्या भिंतींची आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि ती पुढे उठलीच नाही, म्हणून आमच्या भागाचं नाव लष्कर. त्या वस्तीत नंतर कधीतरी बांधलेला हा तीन मजली वाडा. मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या. भिंती इथल्याच वालुकाश्माच्या, दोन-दोन फूट जाड. छत पटियांचं, म्हणजे गर्डरवर टाकलेल्या लांब दगडी फरश्यांचं. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत बसवतं ते या दगडामुळे. पण जी भिंत उन्हाला आत येऊ देत नाही ती रेडिओलहरींनाही सहजी येऊ देत नाही. मी कोपऱ्याच्या खोलीच्या एका भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे मोजून पाहिलं. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, दोन पूर्णांक चार गिगाहर्ट्झ आणि पाच गिगाहर्ट्झ. पाचवर अलीकडे उणे ४५, पलीकडे उणे ६८. हे आकडे डीबीएममधले, शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल जोरकस. दर तीनला ताकद निम्मी होते, दर दहाला एकदशांश. तेवीसचा फरक म्हणजे एका भिंतीने दोनशेतले एकशे नव्व्याण्णव भाग खाल्ले. दोन पूर्णांक चार गिगाहर्ट्झवर तीच भिंत चौदाचाच फरक पाडत होती.

अशा घरात एका राउटरने भागत नाही. म्हणून आमच्याकडे वायफायचे तीन डबे. घरात सगळे डबाच म्हणतात. तळमजल्यावर आई, थोरले भाऊजी आणि जाऊबाई. मधल्या माडीवर आम्ही. वर गच्चीलगत धाकटे भाऊजी. पुतणी थोरल्यांची, पण क्लास आमच्या मजल्यावरच्या कोपऱ्याच्या खोलीत घेते. ती खोली नानांची, माझ्या सासऱ्यांची. त्यांचा रेडिओ अजून तिथेच आहे. तिन्ही डब्यांना चौकातून सोडलेली केबल जाते, आणि हे एक काम आम्ही सुरुवातीपासून नीट केलं होतं. हवेतूनच सिग्नल उचलून हवेतूनच पुढे देणारा रिपीटर लावला असता तर प्रत्येक वाक्य त्याच चॅनलवर, म्हणजे पट्ट्यातल्या त्याच जागेवर, दोनदा बोलावं लागलं असतं आणि निम्मा वेळ त्यातच गेला असता. वरचे दोन डबे फोन-लॅपटॉपना नेटवर्कमधले पत्ते स्वतः देत नाहीत, ते काम फक्त ओसरीतला मुख्य राउटर करतो. नाव आणि पासवर्ड तिन्हींना एकच.

मग चुकत काय होतं? मी फोनवर सिग्नल दाखवणारं ॲप घेतलं, आलेखाच्या कागदावर वाड्याचे तीन नकाशे काढले आणि रात्री अकराला एकदा, पहाटे सहाला एकदा सगळ्या खोल्यांतून फिरले. जाऊबाई म्हणाल्या, "काय शोधतेस गं अंधारात?" मी म्हटलं, "कोण कुणाला ऐकू येतं ते बघतेय."

दोन पूर्णांक चारच्या पट्ट्यात आमचा तळमजला चॅनल ३ वर होता. मधला ६ वर, तोही दुप्पट रुंद करून. वरचा ९ वर. आजूबाजूच्या घरांतले पंधरा-सोळा डबे मुख्यतः १, ६ आणि ११ वर. हे आकडे धाकट्या भाऊजींच्या मुलाने घातले होते आणि त्यामागे विचार होता. बारावीतला मुलगा, समजूतदार. त्याने मला ॲपमधला आलेख दाखवला: एकवर एक डोंगर, सहावर एक, अकरावर एक, आणि मधे दऱ्या. "काकू, तीन नंबर रिकामा आहे. नऊ पण. सगळे जिथे गर्दी करतात तिथे आपण कशाला जायचं?"

गाडी लावायची जागा शोधताना हे बरोबर आहे. रेडिओत याने घात होतो. का, ते त्याला समजावताना माझी पाऊण तासाची शिकवणी झाली आणि बऱ्याच वर्षांनी वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं.

चॅनलचे नंबर पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत. एकचा मध्य २४१२, दोनचा २४१७, तीनचा २४२२, असं तेरापर्यंत २४७२. पण डबा बोलतो तेव्हा पाच मेगाहर्ट्झ व्यापत नाही, वीस व्यापतो. म्हणजे एक नंबरवाला २४०२ पासून २४२२ पर्यंत पसरतो. सहावाला २४२७ ते २४४७. आणि त्या दोघांमधे रिकामा दिसणारा तीन नंबर २४१२ पासून २४३२ पर्यंत. एकच्या अर्ध्या अंगावर आणि सहाच्या पाव अंगावर. मधली दरी दरी नव्हतीच, ॲपच्या चित्रात तेवढी दिसत होती. पट्टा तेवढाच आहे, आणि एकमेकांना न शिवता त्यात तिघेच बसतात: एक, सहा, अकरा.

"पण काकू, मग एकवर आधीच चार जण आहेत, तिथे जाऊन काय फायदा?"

हा प्रश्न खरा आहे. याचं उत्तर मला चौकात बसून सुचलं. आमच्या चौकात खाली कुणी बोलत असेल तर वरच्या कठड्याशी उभ्या माणसाला शब्द न् शब्द कळतो. शब्द कळतात म्हणून तो थांबतो. खालचं संपलं की हाक मारतो. आता हेच दोन फूट भिंतीपलीकडून येणारं बोलणं घ्या. कुणीतरी काहीतरी बोलतंय एवढंच कळतं, नुसती गुणगुण. गुणगुणीसाठी कुणी थांबत नाही. आपण आपला आवाज चढवतो आणि बोलत राहतो.

वायफायचे डबे अगदी असंच वागतात. बोलण्याआधी प्रत्येक जण ऐकतो. त्याच चॅनलवर दुसरा बोलत असेल तर पाकिटाची सुरुवात ओळखू येते, त्यात हे बोलणं किती वेळ चालेल तेही लिहिलेलं असतं, आणि हा तेवढा वेळ गप्प राहतो. मग थोडं आणखी थांबतो, किती थांबायचं ते सोडतीसारखं ठरवतो, म्हणजे दोघं एकदम सुरू होऊ नयेत. ओळखीचा आवाज उणे ८२ इतका क्षीण असला तरी तो मानतो. पण शेजारच्या चॅनलवरून अर्धामुर्धा येणारा आवाज त्याला वाचता येत नाही. तो त्याच्या लेखी गोंगाट. असा गोंगाट उणे ६२ च्या वर गेला तरच तो थांबतो. वीस डीबीचा फरक, म्हणजे शंभरपट जोर लागतो. त्या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात दोघं एकाच वेळी बोलत राहतात, दोघांचीही पाकिटं मोडतात, दोघंही पुन्हा पाठवतात, हळू बोलून बघतात, आणि आणखी वेळ खातात.

ऐकल्याशिवाय बोललं तर काय होतं ते माणसांनी एकदा करून पाहिलं आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन यांनी १९७१ साली बेटांमधले संगणक रेडिओने जोडले. नियम साधा: पाठवायचं असेल तेव्हा पाठवा, पोचल्याचं उत्तर आलं नाही तर थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवा. हे चाललं, आणि आजचं सगळं त्यातूनच पुढे आलं. पण गणित मांडलं की अशा पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त अठरा टक्के वेळ कामी येतो, बाकीचा टकरींत आणि रिकामा जातो. हा अठराचा आकडा मी दर वर्षी फळ्यावर काढत आले. आपल्या घरात तो जवळपास उतरेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे पूर्ण एकत्र राहायचं, नाहीतर पूर्ण वेगळं. अर्धं अर्धं नाही." मी त्याला तेव्हाच म्हटलं की परीक्षेत असंच लिही.

पण तेवढ्याने पुतणीच्या तानेचं कोडं सुटत नव्हतं. तिच्या खोलीपासून आमचा मधला डबा वीस पावलांवर. तरी तिचा टॅब्लेट अडखळतो कसा? लॅपटॉप ती वापरत नाही, त्याच्या पंख्याची घरघर माइकमध्ये येते. आणि टॅब्लेटला केबल लावायची सोय नाही. मी एक सकाळ तिच्या मागोमाग फिरले. टॅब्लेट रात्री खाली स्वयंपाकघरात चार्जिंगला. सहाला उठून ती तो काढते, आईंना नमस्कार करते, जिना चढते, खोलीत येते. आणि टॅब्लेट अजून तळमजल्याच्याच डब्याला धरून असतो. उणे ७४ वर, दगडी फरशीतून, चॅनल तीनवर, एकाच्या आणि सहाच्या कात्रीत.

कुठल्या डब्याशी जोडून राहायचं हे डबा ठरवत नाही, फोन किंवा टॅब्लेट ठरवतो. एकदा धरलेला हात तो सहजी सोडत नाही. जवळ दुसरा चांगला डबा आहे हे कळत असूनही जुना अगदीच ऐकू येईनासा होईपर्यंत चिकटून राहतो. आमचा खालचा डबा पूर्ण जोराने, २० डीबीएमने म्हणजे १०० मिलिवॉटने, बोलत होता. त्यामुळे वरच्या मजल्यावरही तो जेमतेम ऐकू येत राहायचा, सुटण्याइतका दूर कधी जायचाच नाही. शिवाय डबा ओरडला म्हणून टॅब्लेटचं उत्तर त्याला ऐकू येत नाही. टॅब्लेटचा स्वतःचा आवाज लहान. खालून येणारं पोचायचं, वरून जाणारी तान जिन्यात हरवायची.

ताकद वाढवली की काम होईल असं सगळ्यांना वाटतं. धाकटे भाऊजी मोठ्या अँटेनांचा नवा राउटर घेऊन यायलाही निघाले होते. मी म्हटलं, थांबा, आपण आवाज कमी करून बघू. तिन्ही डबे १४ डीबीएमवर आणले, म्हणजे चौथा हिस्सा. त्यांना ते पटायला दोन दिवस गेले.

चॅनल वाटताना मात्र माझा एक अंदाज चुकला, आणि तो चुकला याचं मला अजून नवल वाटतं, कारण चौकाचं उदाहरण मीच दिलं होतं. गच्चीच्या बाजूला पलीकडच्या घराचा डबा चॅनल ११ वर फार जोरात, उणे ५८. म्हणून मी विचार केला की तळमजल्याला आणि वरच्याला दोघांनाही १ द्यावा. मधे दोन दगडी छतं आहेत, एकमेकांना ऐकू येणार नाहीत. मधल्याला ६. कागदावर सुंदर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी वर भाऊजींची ऑफिसची मीटिंग आणि खाली थोरल्यांची मॅच एकाच वेळी लागली आणि दोन्ही मंदावल्या. वर जाऊन मोजलं तर खालचा डबा उणे ६४ वर स्वच्छ ऐकू येत होता. छतातून नव्हे, चौकातून. खालचा ओसरीच्या खांबावर, वरचा कठड्याच्या खोलीत दाराशी, मधे उघडं आकाश. दगडाने जे अडवलं होतं ते चौकाने मोकळं सोडलं होतं. आईंची "जेवायला या" ही हाक तीन मजले कशी चढते, तशीच.

मग डबे हलवले. ओसरीतला आतल्या दालनात, स्वयंपाकघराच्या भिंतीला. वरचा गच्चीकडच्या खोलीत. आता एकमेकांना ते उणे ८६ च्या खाली ऐकू येतात, म्हणजे जवळजवळ नाहीच. तरी वरच्याला मी १ ठेवला नाही. ११ दिला, त्या जोरकस शेजाऱ्याच्या चॅनलवर, नेमका त्याच्याच. दोघं एकमेकांना नीट ऐकतात आणि पाळी लावून बोलतात. तळमजल्याला १, कारण त्या भिंतीपलीकडे मायक्रोवेव्ह ओव्हन आहे. तो २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतो, आठ-नऊ नंबर चॅनलच्या मध्यावर, आणि त्यातून जे थोडं झिरपतं ते मधल्या-वरच्या चॅनलांना जास्त त्रास देतं. मधल्याची दुप्पट रुंदी काढून टाकली. दोन पूर्णांक चारच्या इवल्या पट्ट्यात चाळीस मेगाहर्ट्झ पसरणं म्हणजे तीन माणसांच्या बाकावर आडवं झोपणं.

तेराचा मोह मलाही झाला होता. भारतात १३ पर्यंत चॅनल चालतात आणि आमच्या गल्लीत त्यावर कुणी नव्हतं. पण १३ हा ११ च्या अंगावर बसतोच, वर अमेरिकेत १२ आणि १३ वापरात नाहीत. मागे चुलत दीर तिकडून आले होते तेव्हा डबा कुणीतरी १३ वर ठेवला होता आणि त्यांच्या लॅपटॉपला आमचं नावच दिसेना. शेजारच्या दहा घरांची नावं दिसायची, आपल्याच घराचं नाही. त्यांना ते इतकं लागलं होतं की मी १३ कडे पुन्हा वळले नाही.

पाच गिगाहर्ट्झवर ही कोंडी नाही. २०१८ साली सरकारने तिथला बराच मोठा पट्टा परवान्याविना खुला केला तेव्हापासून घरांना तिथे ऐसपैस जागा आहे. ३६ ते ४८, मग ५२ पासून पुढचे, १०० च्या वरचे, आणि १४९ ते १६५. यातले मधले चॅनल रडारचे सोबती आहेत. तिथे बसायचं तर डब्याला आधी साठ सेकंद नुसतं ऐकावं लागतं, आणि पुढे कधीही रडारसारखा ठोका ऐकू आला तर जागा सोडून अर्धा तास तिथे फिरकायचं नाही. मी हौसेने वरच्या डब्याला १०० दिला होता. तीन दिवसांत तो दोनदा उठून ३६ वर गेला, नोंदीत ‘रडार’ लिहिलेलं. भाऊजींची मीटिंग दोन्ही वेळा तुटली. म्हणून रडारवाले सोडून दिले: खाली ३६, मधे १४९, वर ४४, प्रत्येकी चाळीस मेगाहर्ट्झ. ऐंशीची रुंदी मिळत होती, वेग चाचणीत आकडा मोठा दिसला असता. पण गाण्याला फार वेग लागत नाही. गाण्याला न तुटणं लागतं.

हे फेब्रुवारीत झालं. दुसऱ्या सकाळी टॅब्लेट जिन्याच्या वळणावरच खालच्या डब्याचा हात सोडून मधल्याच्या १४९ वर गेला, मी जिन्यात उभी राहून पाहिलं. खोलीत उणे ५२. पुतणी सवयीने चार स्वर गाऊन थांबली. पलीकडून म्हणाले, "आलं ताई." पुन्हा चार. "आलं." मग ती थांबायची विसरली. निषादापासून उठून षड्ज ओलांडून वरच्या गंधाराला जाऊन ती तान खाली आली तेव्हा आईंनी खालून, देवघरातून, "वा" म्हटलेलं मला चौकातून ऐकू आलं.

एप्रिलमध्ये कूलर बाहेर निघाले आणि माझा कागद जुना झाला. आमचे कूलर पत्र्याचे, पोटात साठ-सत्तर लिटर पाणी. खिडकीत एक बसला की त्या खिडकीतून जाणारी वाट बंद. पत्रा लहरी परतवतो, पाणी गिळतं. आईंच्या खोलीत फेब्रुवारीत उणे ५९ होतं ते उणे ७३ झालं. त्यांचा फोन जुना, फक्त दोन पूर्णांक चारवरचा. दुपारी त्यावर त्या पुण्याच्या माझ्या नणंदेशी बोलतात. डबा पुन्हा दीड हात सरकवला, कूलरच्या आडून बाहेर, लोखंडी कपाटापासून लांब. आता मी दोन नकाशे ठेवते, एक थंडीचा, एक उन्हाळ्याचा.

नाना असते तर त्यांना यात रस वाटला असता. संध्याकाळी ते रेडिओपाशी बसत. दिवसा ग्वाल्हेर आकाशवाणी स्वच्छ लागायची, रात्र झाली की मध्यम लहरींवर लांबलांबची स्टेशनं वर येत, एकमेकांवर चढत, आणि मधे शिट्टी वाजे. नाना बटण फिरवताना बोट क्षणभर थांबवायचे, कान तिरका करायचे, मग केसभर फिरवायचे. स्टेशनच्या अगदी मध्यावर यायला त्यांना नंबर बघावा लागत नसे. मी नवी सून असताना मला वाटे ते गाणं ऐकताहेत. आता वाटतं ते आधी बाकीचं सगळं ऐकत असायचे, गाण्याच्या आजूबाजूचं.

या पावसाळ्यात मागच्या घरात नवं बिऱ्हाड आलं. त्या घराची आणि आईंच्या खोलीची भिंत सामाईक. चार-पाच दिवसांत आईंचा व्हिडिओ कॉल पुन्हा गोठायला लागला. नणंदेचं तोंड अर्धं उघडं राहायचं आणि आई स्क्रीनला म्हणायच्या, "बोल गं, बोल ना." मी ॲप उघडलं. नवीन नाव, उणे ६६, चॅनल ३.

कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. तरुण मुलगा, नुकतीच नोकरी लागलेली, दारातच नम्रपणे उभा. मी सांगितलं की मी मागच्या वाड्यातली, आणि तुमच्या वायफायबद्दल बोलायचं आहे. तो लगेच म्हणाला, "आंटीजी, आप लोगों को दिक्कत हो रही है तो मैं और दूर कर देता हूँ. आप एक पर हैं न? मैं आठ पर चला जाऊँ?"

मी म्हटलं, नाही, दूर नको. तुम्ही आमच्या एकवर या.

त्याला ते चमत्कारिक वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. त्याच्या आईने मला आत बसवलं, चहा ठेवला. मी कागदावर तीन डोंगर काढले आणि मधे त्याचा चौथा, दोघांच्या खांद्यांवर बसलेला. पाऊण तास नाही लागला या वेळी. त्याने फोनवरून राउटर उघडला, ऑटो काढलं, एक निवडलं, आणि विचारलं ताकद पण कमी करू का, घर तर छोटंच आहे. मी म्हटलं, केलीत तर फार बरं.

घरी परत आले तेव्हा आईंचा कॉल चालू होता. मी त्यांच्यामागे उभी राहून ॲप पाहिलं. तीनवरचा डोंगर गेला होता. एकवर दोन कमानी होत्या, एकीत एक, त्याची थोडी बुटकी. पुण्याहून नणंद विचारत होती, जेवायला काय केलं होतं, आणि आई सगळं सविस्तर सांगत होत्या.